लाल पेन आणि रोवणीचा निबंध

मी डोक्यानं तापट, त्यात मराठीचा मास्तर. तिरोड्याजवळच्या आमच्या शाळेत नववीला 'आमच्या गावची रोवणी', म्हणजे भातलावणी, असा निबंध दिला, तर चाळीस वह्यांत मिळून एकच निबंध आला, मोबाइलवरून उतरवलेला. एका पठ्ठ्यानं तर शेवटी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'लेख आवडल्यास शेअर करा.'

मग मी अख्खा तास घेतला. कॉपीराइट म्हणजे काय, साहित्यचोरी म्हणजे काय. दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापून आपल्या घरी नेता का रे? "नाही, सर." मग लेखही तसाच, ज्यानं लिहिला त्याचा. घ्यायच्याच असतील तर दोन ओळी घ्या आणि कुणाच्या ते खाली लिहा. पोरांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. कसलं काय. पुढच्या खेपेला निबंध पुन्हा तोच, फक्त खाली 'साभार : मागचा बेंच.'

एका पोरीनं तेवढं स्वतःचं लिहिलं होतं. आईसोबत रोवणीला गेली, बांधीत चप्पल रुतली, ती सापडेचना. आई म्हणाली, "कायले रडून राहिली? उगवली त पोताभर होतील." स्टाफरूममध्ये मी एकटाच खो खो हसलो. जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळेतून एकच निबंध जायचा होता, तो हाच ठरला. पोरीचं आजवर कशातच नाव आलं नव्हतं. त्या दिवशी ती प्रत्येक तासाला हसत बसली.

आणि मग माझ्यातला मास्तर जागा झाला. स्पर्धेला शुद्ध भाषा हवी, म्हणून लाल पेन काढलं. 'पऱ्हे'ची रोपं केली, 'बांधी'चं शेत केलं, आणि आईच्या तोंडी घातलं, 'शोक करू नकोस, बाळ.' मोठ्या मायेनं केलं हो सगळं.

निबंध पाठवायच्या शेवटच्या दिवशी तिनं पक्की प्रत आणली. नावाची जागा कोरी.

"नाव कुठंय?" मी खेकसलो.

"सर, यात माये सोताचे शब्दच नाही. नाव कसं टाकू? तुमीच त सांगतलं."

लाज वाटली, खरंच वाटली. तिचा पहिला कागद काढला, तर लाल शाईखाली तिचं काही धड वाचताही येईना. म्हटलं, बस इथं, होतं तसं पुन्हा लिही, मी थांबतो.

तिनं पेन घेतलं, एक ओळ लिहिली आणि खोडली.

"नाही जमत, सर," ती म्हणाली. "आता तुमचेच शब्द येऊन राहिले."