आतोबांची कुरकुर

जगात काही चांगलं घडू शकतं, यावर माझ्या आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, काडीचाही विश्वास नव्हता. लग्नाच्या मांडवात शिरले की ते आधी बांबू हलवून बघत आणि मुलीच्या बापाला गाठून सांगत, "वारं सुटलं की बसतंय बघा हे खाली." बारशाला गेले तर पाळण्यात वाकून म्हणत, "पोरगं गोड हाय. पण ह्याच्या टायमाला नोकऱ्या कुठं राहणार?" ते चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि पैठण रोडनं रोज स्कूटरवर जा-ये करत. ती दुष्काळाची वर्षं होती. रस्त्याकडेच्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या आणि बाग वाळली रे वाळली की तिच्यात प्लॉट पाडायला चुन्याच्या फक्क्या पडत होत्या. "शहर लई वाढतंय, पाणी मात्र वाढंना," आतोबा घरी येऊन सांगत. पुढं पैठणच्या धरणानं तळ दाखवला, नळ रुसले आणि आमची अख्खी कॉलनी टँकरवर आली, तेव्हा आतोबांना एकदम ज्योतिष्याचा मान मिळाला. लोक फाटकाशी थांबून विचारत, "काका, आज येईल का टँकर?" आतोबा पेपरातून मान वर न काढता म्हणत, "नाय." आणि तो खरंच येत नसे. "ह्यांच्यापुढं देव जरी उभा राहिला ना," आत्या म्हणायची, "तरी हे त्याला आधी ओळखपत्र मागतील."

अशा माणसाला नागीण झाली. फोड सुकले, पण बरगडीवरची आग काही जाईना. सदऱ्याचा नुसता स्पर्श झाला तरी ते कळवळत. डॉक्टरीणबाईंनी रात्री घ्यायला अमिट्रिप्टिलिनची बारीकशी गोळी लिहून दिली. मेडिकलवाला सहज बोलून गेला, "ही डिप्रेशनवर पण देतात, काका." झालं! आतोबा आत्याला आणि मला घेऊन तडक दवाखान्यात परत. "दुखतंय बरगडीत अन् गोळी डोक्याची? मला येडा ठरवता का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "काका, मज्जातंतूंच्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनालिन अशी रसायनं सोडतात आणि निरोप पोचला की परत ओढून घेतात. ही गोळी ते ओढणं कमी करते, त्यामुळं रसायन जास्त वेळ टिकतं. मन सावरायला त्याचा उपयोग होतो, आणि दुखण्याची वर्दी मेंदूकडं जाते ती दाबायलाही होतो. म्हणून अशा दुखण्यावर ही कमी मात्रेत देतात. अर्धशिशी वारंवार उठू नये म्हणूनही देतात. अभ्यास झालाय त्याचा. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, पोट साफ होणार नाही."

आतोबांनी जरा विचार केला. "म्हंजे नळाला मोटार लावून पाणी ओढणाऱ्यांना आडवणारी गोळी."

"अगदी तसंच."

"अन् स्वभाव बदलंल का हिच्यानं?"

"नाही हो. गोळी आजारावर असते, स्वभावावर नसते."

"स्वभावावरची असली," आत्या घाईनं म्हणाली, "तर ती पण लिहून द्या."

आग हळूहळू निवली, स्वभाव जागच्या जागी राहिला. तोंड कोरडं पडल्याची एक नवी तक्रार तेवढी वाढली.

पुढच्या उन्हाळ्यात आत्या गेली. सकाळी भाजी निवडता निवडता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आतच सगळं संपलं. दिवसकार्य पार पडलं आणि आतोबा शांत झाले. बिनसाखरेचा चहा पुढं आला तरी पिऊन टाकत. पेपर घडी न मोडता पडून राही. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणू लागले, "माणूस सुधारला हो." मलाही आधी तसंच वाटलं. मग एकदा टँकरमधून अगदी चिखल आला. मी बादली त्यांच्यापुढं धरली. त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चालतंय."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मी त्यांच्या मुलीला पुण्याहून बोलावून घेतलं. दोघांनी मिळून त्यांना त्याच डॉक्टरीणबाईंकडं नेलं आणि त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं धाडलं. या नव्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "काका, जगावंसं वाटतं का?"

टँकरबद्दल जसं सांगत, तसंच आतोबा म्हणाले, "नाय."

मुलीनं माझा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी मोठी मात्रा झेपेल ना हे बघायला हृदयाचा आलेख काढला, गोळ्या मुलीच्या ताब्यात ठेवायला सांगितल्या आणि नागिणीच्या वेळची तीच गोळी हळूहळू वाढवत नेली. शिवाय दर आठवड्याला समोर बसवून ते त्यांच्याशी बोलत. बरेच दिवस काहीच घडलं नाही. आतोबा खुर्चीत पेंगत, मुलगी नजरेआड होऊ देत नसे. मग एका सकाळी ते आपण होऊन फाटकापर्यंत आले, हौदात डोकावले आणि खवळले, "हे पाणी व्हय? म्हशीला पाजलं तर म्हैस कोर्टात जाईल!" मुलगी स्वयंपाकघरात पळाली आणि ओट्याला टेकून रडली. कॉलनीतल्या लोकांनी त्या दिवशी टँकरवाल्यापेक्षा आतोबांचंच जास्त स्वागत केलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात धरण भरलं. दरवाजे उघडले म्हणून सारं शहर पैठणला लोटलं होतं. मी आतोबांना घेऊन गेलो. लोक ओरडत होते, फोटो काढत होते, कणसं खात होते. आता हे गर्दीला किंवा भिंतीच्या तड्याला नावं ठेवतील, म्हणून मी वाट बघत होतो. बघतो तर ते कठड्याला धरून रडत होते, अगदी हमसून. मी घाबरून म्हणालो, "आतोबा, चला, घरी जाऊ."

त्यांनी माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले. "ती गेली तवा डोळ्याला हे पाणी पण येत नव्हतं."

मी तिथंच उभा राहिलो. खाली पाणी धडाडत होतं, आणि बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.