फिर्यादी मीच, न्यायाधीश मीच

महायुद्धाच्या त्या वर्षांत आमच्या कडेगावकडच्या खेड्यांत भांडण घेऊन इंग्रज सरकारच्या कोर्टात कुणी जात नसे. गावातलेच चार जण देवळासमोर बसत, निकाल देत, आणि गुन्हेगाराच्या तळपायांवर काठ्याही बसत. थोरांचं बघून आम्ही चौथीतल्या पोरांनी मधल्या सुट्टीत चिंचेखाली कोर्ट मांडलं. न्यायाधीश मी. अक्कल जास्त म्हणून नव्हे, आवाज मोठा म्हणून. माझ्या कोर्टातून एकही आरोपी कधी सुटला नाही, याचा मला कोण अभिमान!

एके दिवशी माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं माझी नवीकोरी पाटी दगडावर आपटून फोडली. माझं टाळकं सटकलं. फिर्यादी मीच असताना निकालही मीच दिला, दहा फटके. दोघींनी तिचे पाय धरले, काठी वर गेली, तेवढ्यात गुरुजी आले. आता सगळ्यांनाच छडी, असं वाटलं. पण गुरुजी सरळ मातीत मांडी घालून बसले.

"चालू द्या कोर्ट," ते म्हणाले. "फक्त एक कायदा माझा. फिर्यादीनं आधी आरोपीची बाजू मांडायची. आरोपी 'बरोबर' म्हणाला, तरच पुढची गोष्ट."

त्यात काय अवघड? मी तिच्या वतीनं बोलू लागले, "मी लय दांडगी हाय. दुसऱ्याचं मोडायची मला खोडच हाय." पोरं खिदळली.

"न्हाई," ती म्हणाली.

"मला हिच्या पाटीचा हेवा वाटला."

"न्हाई."

खरं काय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण तोंडातून निघेना. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "माजा बा पलटणीत हाय. लय दिस झालं, कागुद न्हाई. अन् ही समद्यांम्होरं म्हनली, तुजा बा आता कशाला येतोय!"

"व्हय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मला माझीच इतकी लाज वाटली की पाटीचं दुःख कुठल्या कुठे पळालं.

मग तिची पाळी. नाक ओढत तिनं माझी बाजू मांडली. "आयनं बाजारातनं पाटी आणली हुती, तिच्यावर अजून एक अक्षरबी लिवलं न्हवतं. अन् माजं त्वांड माज्या ताब्यात न्हाई."

"बरोबर," मी म्हटलं. गुरुजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. काठी कुणीतरी कुंपणापलीकडे भिरकावली.

ती मात्र जागची हलेना. "मंग आता ह्यो निकाल दी," ती म्हणाली. "माजा बा यील का न्हाई?"

मी गुरुजींकडे पाहिलं. ते टोपी झटकत होते.

"यील," मी म्हणाले. "कोर्टाचा हुकूम हाय."

त्या बिनपुराव्याच्या निकालानं मला वर्षभर घोर लावला. पुढच्या सुगीत तिचा बा फाट्यावर मोटारीतून उतरला, तेव्हा तिच्याआधी मीच भोकाड पसरलं.