कोरडीचं नाटक

मी कुडव्याहून रोज स्कूटीने बोदलकसा तलावाजवळच्या एका गावातल्या शाळेत जाते. तिथे चौथीत एक मुलगी होती. बाप वारलेला, आई छत्तीसगडकडून लग्न होऊन आलेली, गावात दोघींचं म्हणावं असं कोणी नाही. खिचडीच्या पंगतीत ती शेवटी बसायची आणि तिच्या शेजारचं पोर हळूच ताट घेऊन सरकायचं. कारण विचारलं तर कोणालाच सांगता यायचं नाही. ती आपली नाही, एवढंच. मला संताप यायचा. आणि संताप आला की लिहायला बसायचं, ही माझी जुनी खोड.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते. लेकीबाळी, पाहुणे येतात आणि नाटकाशिवाय मंडई ती मंडईच नव्हे. त्या वर्षी दुपारचं बालनाट्य शाळेने करायचं ठरलं आणि मी ते झपाट्याने लिहून काढलं. फार जुन्या काळातलं एक राज्य. ज्या दिवशी एक मुलगी जन्मते त्याच दिवशी राज्याचा तलाव आटतो. लोक तिला कोरडी म्हणतात आणि तटाबाहेर हाकलतात. ती जंगल तुडवत तलाव पिऊन टाकणाऱ्या अजगराकडे जाते, त्याच्याकडून लोटाभर पाणी घेऊन परत येते. राज्यातली मुलं तटाचं दार उघडतात, म्हणतात, "ये, तू आमचीच." कोरडीचं काम अर्थातच त्या मुलीला दिलं. मला वाटलं, मंडईत सगळ्या गावासमोर दार उघडलं की पंगतीतली जागाही आपोआप मिळेल. केवढी ही हुशारी!

खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी टोकलं. "मॅडम, इथं नाटकातलं नाव माणसाले चिकटते. मंग निघत नाही." त्यांच्या नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी नाटकात दारुड्याचं काम केलं होतं. त्या माणसाने आयुष्यात थेंबाला शिवलेलं नाही, पण मुलीच्या सोयरिकीला आलेले पाहुणे 'बेवड्याचं घर कोणतं' असं विचारतच आले. मी पोट धरून हसले. त्या हसल्या नाहीत.

तालमी सुरू झाल्या. मुलांना हाकलण्याचाच प्रवेश आवडायचा. "कोरडी, चालती हो!" मी मागे उभी राहून ओरडायची, "आवाज पोचत नाही रे, जोरात! आणखी जोरात!" दार उघडण्याच्या प्रवेशात फारसं काही नव्हतं, म्हणून तो आम्ही दोनदाच केला.

आठवड्याभरात ती आरोळी शाळेच्या फाटकाबाहेर गेली. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. तलाव काठापासून पार आत सरकला होता, मासेमारांची जाळी हलकीच वर येत होती. गावाला इतके दिवस त्या मायलेकींना दूर ठेवायला कारण सापडत नव्हतं. ते मी लिहून दिलं. धान कापणीला सगळ्या बायांना बोलावणं गेलं, तिच्या आईला मात्र नाही.

एका दुपारी मुलगी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "मॅडम, तलाव खरंच माज्यामुळं आटून राहिला का जी?"

"वेडी आहेस का? नाटक आहे ते."

"मंग बाया काऊन म्हणतेत?"

मला तेव्हाच तालमी बंद करायला हव्या होत्या. पण मला शेवटच्या प्रवेशाचा भरवसा होता. दार उघडलं की सगळं धुऊन निघेल, असं मी तिला सांगितलंसुद्धा. तिने मान डोलावली.

मंडईच्या दुपारी शाळेचं मैदान माणसांनी भरून गेलं. तिची आई मात्र शाळेच्या फाटकाबाहेर उभी होती. मी हाताने बोलावलं, ती आली नाही. हाकलण्याच्या प्रवेशाला मुलांबरोबर मोठी माणसंही ओरडली. हसून ओरडली, पण मुलांपेक्षाही जोरात.

शेवटी ती लोटा घेऊन बांबूच्या तट्ट्याच्या दारासमोर आली. "पाणी आणलं. आता आत येऊ?"

दार धरलेली चार मुलं हलली नाहीत. ती चौघंही समोर बसलेल्या आपापल्या आयांकडे पाहत होती.

"आता आत येऊ?" तिने पुन्हा विचारलं.

मी विंगेतून कुजबुजले, "उघडा रे!" त्यातली एक मुलगी मान न वळवता म्हणाली, "माय नाही म्हणते."

तिसऱ्यांदा विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं. चार पावलं चालून जाऊन ते दार मला ओढता आलं असतं. तट्टाच तो, त्याचं वजन ते किती! पण समोर अख्खं गाव बसलं होतं आणि मी घाबरले. मी पडदा पाडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ दिवसांनी तिची आई शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मुलीने लोटा राखेने लख्ख घासून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवला आणि आईमागोमाग निघून गेली. त्या दोघी कुठे गेल्या ते मला आजही माहीत नाही. शोधायची हिंमत मी केली नाही, हेही खरं आहे.

पुढच्या वर्षी नाटक करायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. दिवाळी जवळ आली तशी पोरंच मागे लागली. "मॅडम, तेच नाटक घ्या ना जी."

"त्याचा शेवट तुम्हाला कुठे येतो?"

"येते ना. कोरडी बाहेरच राहते," एकजण म्हणाला. दुसरीने विचारलं, "औंदा कोरडी कोण होईल?"

कोणी हात वर केला नाही. पण सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. शेवटच्या बाकावर, शाळा उघडली तेव्हा नव्याने आलेली एक मुलगी खाली मान घालून बसली होती. तिच्या शेजारच्या पोराने दप्तर उचललं आणि तो पुढच्या बाकावर येऊन बसला.