सोळा फळ्यांचा साकव

दोन नोव्हेंबर, रविवार. समाजमंदिराच्या पडवीतून साकवाच्या फळ्या बाहेर काढायच्या होत्या. नदीपलीकडच्या ठाकरवाडीला जोडणारा हा साकव मृगाआधी उतरवतात आणि भातकापणीला परत टाकतात. पात्र अरुंद, पण पावसात खोल. दगडी खांब नदीतच राहतात; वरच्या फळ्या ठेवल्या तर पुरात वाहून जातात.

पद्धत अशी, की घरटी एक फळी. अकरा गावाच्या, पाच वाडीच्या. उतरवली की ज्याची त्याने घरी न्यायची आणि पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची. पुढे गावाची पलीकडची शेतं फार्महाऊसवाल्यांकडे गेली, घरांवर स्लॅब पडले, चुली गेल्या. फळी कुठे ठेवू, अशी कुरबुर सुरू झाली. मी अंगणवाडी चालवते. वाडीची सात मुलं साकवावरूनच येतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मीच सुचवलं, फळ्या एकत्र समाजमंदिरात ठेवा. गावाने लगेच मान्य केलं. वाडीने ऐकलं नाही. पहिलं वर्ष निभावलं.

रविवारी पहिली फळी उचलली आणि हातात भुगा आला. वाळवी. अकराच्या अकरा गेल्या होत्या. एक बरी दिसत होती, तिच्यावर पाय दिला तर पाय आरपार.

तेवढ्यात वाडीचे लोक कमरेएवढ्या पाण्यातून आपल्या पाच फळ्या घेऊन आले. धुराने काळ्या झालेल्या, ठोकलं की खणखणीत वाजणाऱ्या. पुढे वाडीतले म्हातारे बाबा होते. त्यांनी भुग्याकडे पाहिलं.

"धूर नाय लागला तर लाकूड टिकत नाय, बाई. चुलीपरीस हुशार झालाव तुमी."

"चूक माझी आहे, बाबा."

"तुमची एकटीची कशी? अकरा घरांची हाय."

गावातला एक रिक्षावाला म्हणाला, "पाच हायेत ना? पाच टाका रं. म्होरं उडी मारू." सगळे हसले.

मी म्हटलं, घरटी एक नवी फळी द्या. तोच रिक्षावाला म्हणाला, "आमचं पलीकडं काय ऱ्हायलंय आता? आन् पूल मंजूर हाय की. बोर्ड लागलाय."

बोर्ड लागून तीन पावसाळे झालेत.

"मंग पोरं भट्टीवर जातील," बाबा म्हणाले. "टेंपो उद्या येनार हाय."

दिवाळीनंतर वाडीतले आईबाप वीटभट्टीवर जातात. साकव असला की मुलं आजीजवळ ठेवतात. ती माझ्याकडे येतात, जेवतात. नसला तर पोर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून येणं आजीला जमत नाही; मग रस्त्याने सात किलोमीटर वळसा, तोही डंपरच्या वाटेने. तीन वर्षांचं पोर तेवढं चालत नाही. मग ते आईबरोबर भट्टीवर जातं.

वखारीत जाऊन फळ्या बघते, असं मी म्हणाले.

"उद्यापातुर? ऱ्हाऊ द्या, बाई." बाबांनी बरोबरच्या तरण्या पोरांना हाक मारली. "उचला रं."

पाचही फळ्या खांद्यावर घेऊन ते आल्या वाटेने पाण्यात उतरले. मी अंगणवाडी उघडून झाडून घेतली, कारण पडवीतला भुगा वाऱ्याने आत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिचडीला सात मुलांचे तांदूळ कमी घेतले.