आमच्या गावात कुलपं खपत नाहीत

भूत, करणी, भानामती... कुणी असलं काही सांगायला लागलं की मी उठून चहाला जाणारा माणूस. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलंय, त्याचाही थोडा माज होता. हे वाचून तुम्हाला हसू आलं तर हसा, मीही हसलोच होतो.

मी मूळचा रावेरचा, घरची केळी. शेतीत मन रमेना म्हणून तेरा वर्षांपूर्वी सातपुड्यात हार्डवेअरचं दुकान टाकलं. चोपड्याहून घाट चढून वर तासाभराचा रस्ता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

गाव तसं नवंच. रस्त्याच्या कामावर आलेले मजूर काम संपल्यावर खाली गेले, एक जण बायकोला घेऊन तिथंच राहिला. त्याच्या चुलीच्या आजूबाजूला चार झोपड्या झाल्या, मग चहाची टपरी, एस.टी.चा थांबा, गुरुवारचा बाजार, शाळा, टॉवर. त्या पहिल्या माणसाचा मुलगा म्हणजे आमचे आबा, आता ऐंशीच्या घरात आहेत. गाव वाढताना मला दुकानातूनच दिसायचं — आधी पत्रे जायचे, मग सिमेंट, आता टाइल्स जातात.

गावात एक रीत आहे. नवं घर बांधलं की पहिली चूल आबांच्या घरून आणलेल्या निखाऱ्यावर पेटवायची. आता गॅस आला, तरी पहिल्या दिवशी लायटर वापरायचा नाही. आमचं घर झालं तेव्हा मला गंमतच वाटली. बायको वैशाली मोबाइलवर शूटिंग करत होती, आणि आमची पाच वर्षांची मानसी हट्टाला पेटली — मडकं मीच नेणार! राखेत निखारा ठेवलेलं ते छोटं मडकं तिनं दोन्ही हातांनी घरापर्यंत आणलं. आबा तिच्याकडे बघत राहिले.

“आते ही पोर बी आठलीच,” एवढंच म्हणाले. म्हणजे आता ही पोरही इथलीच.

पहिल्या वर्षी मी मोठी कुलपं आणली होती, डझनभर. एकही गेलं नाही. चौकशी केली तेव्हा लक्षात आलं की या गावात बंद घरच नाही. लोक तालुक्याला जातात, लग्नाला जातात, दोन दिवसांत परत येतात. घर सोडून कायमचं कुणी गेलेलं नाही. मला कौतुक वाटलं. काय माया आहे गावाची, असं मी चार जणांना सांगितलंही.

पाच वर्षांनी माय पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिला बघायला आम्ही रावेरला गेलो, महिनाभर राहायचं ठरवून. मानसीची परीक्षा होती म्हणून तिला शेजारच्या अक्कांकडे ठेवलं. एप्रिल महिना. रावेरचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको.

तिसऱ्या सकाळी वैशालीनं चहा केला. उकळताना मी बघितला, वाफा येत होत्या. कप हातात घेतला तर गार... माठातल्या पाण्यासारखा. मी म्हटलं, हे काय? तेवढ्यात मायनं घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“भाजलं रे मले,” ती म्हणाली.

मी माझ्या कपात बोट घातलं. काहीच नाही. चांगलं मिनिटभर ठेवलं. दुपारपर्यंत त्या बोटाला टपोरा फोड आला, आणि तो दुखत नव्हता.

त्या दिवशी मी खरा घाबरलो. भर उन्हात आम्ही दोघं स्वेटर घालून बसलो होतो, दात वाजत होते. डॉक्टरांनी सुई टोचली, ती बरोबर कळली. त्यांना काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी वैशाली भाकरी करत होती आणि मी पलीकडच्या खोलीत होतो. मला वास आला... भाकरीचा नव्हे. धावत गेलो तर तिचा तळहात तव्यावर टेकलेला, आणि ती माझ्याकडे वळून विचारत होती, “अहो, कसला वास येतोय?”

बहिणीला बोदवडहून बोलावून घेतलं आणि मायला तिच्यावर सोपवून आम्ही निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर वैशाली किंचाळली. दोन दिवसांपूर्वी भाजलेला हात तिला तेव्हा दुखायला लागला होता. माझं बोटही. घरी पोचेपर्यंत ती ओरडत होती आणि मी गाडी चालवत रडत होतो.

आबांना विचारलं. ते ओट्यावर बसले होते, त्यांना नवल वाटलं नाही.

“मना बापबी जाई ऱ्हायंता गाव सोडीसन. परत उना,” ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या वडिलांनाही गाव सोडून परत यावं लागलं होतं. “आठली आग लिधी ना भाऊ, मंग आठलाच व्हयना तू.”

“आधी का नाही सांगितलंत?”

“सांगतू तर तू ऱ्हाता का?”

मानसीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. ती लहान होती, तिनं नुसतं मडकं उचललं, आग तर आम्ही घेतली... अशी मनाची समजूत घातली. ती हुशार निघाली. यंदा धुळ्याला फार्मसीला नंबर लागला, तेव्हा मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. वैशालीनं डोळ्यांनीच गप्प केलं. पोरीला अडवायचं नाही, असं तिचं पक्कं होतं.

हॉस्टेलला सोडून आज चौथा दिवस. संध्याकाळी फोन आला. खोली छान, मैत्रिणी छान. मी विचारलं, जेवणाचं कसं आहे?

“चांगलंय पप्पा. फक्त सगळं गारच देतात. माझी रूममेट तर तेच वरण फुंकून फुंकून खाते, नाटकी आहे नुसती.”

आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, “हात बघ बरं तुझे. बोटं बघ.”

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

“फोड आलेत पप्पा. दुखत नाहीत पण. तुम्हाला कसं कळलं?”

कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर सांगा. केमिस्ट्रीत नाही, डॉक्टरांकडे नाही, आबांकडेही नाही. मी सकाळी धुळ्याला निघतोय. ती विचारेल की कॉलेजला परत कधी जायचं, आणि मला घाटाच्या दुसऱ्या वळणाआधी तिला सगळं सांगावं लागेल.