कुणापैकी तुम्ही?

केलगेरीतल्या त्या घराचं फाटक वाजलं, की अण्णा हातातलं काम टाकून बाहेर यायचे आणि आधी विचारायचे, "कुणापैकी तुम्ही?" कानडी माणूस असला तर, "यार पैकी?" गाव, आडनाव, आजोळ पटल्याशिवाय कडी निघायची नाही. गॅसचा सिलिंडर आणणाराही यातून सुटला नाही. मी तर त्यांचा पॉलिटेक्निकमधला विद्यार्थी. तरी पहिल्यांदा गेलो तेव्हा अळणावरच्या माझ्या मामांपर्यंत चौकशी झाली आणि मगच चहा मिळाला.

अण्णांची मुलगी नंदा. तिला सगळं समजे, पण बोलता येत नसे, चालताही येत नसे. नव्वदच्या दशकात अण्णांनी तिच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. कीबोर्डवरचं बटण दाबलं, की संगणकातून वाक्य ऐकू यायचं. "तहान लागली." "पंखा लावा." "अण्णा, इकडं या की." आवाज वहिनींचा, म्हणजे नंदाच्या आईचा. वहिनी वारल्या, तरी त्या घरात त्यांचा आवाज दिवसभर पाणी मागत राहिला. माझ्या अंगावर काटा यायचा. अण्णा मात्र स्वयंपाकघरातून "आलो, आलो" म्हणत, पीठ लागलेल्या हातांनी धावत यायचे.

या प्रोग्रॅमलाही अण्णांनी आपलीच सवय लावली होती. सुरू होताना तो आधी प्रोसेसरची ओळख विचारी, आणि ती पटली नाही तर पडद्यावर "हा आपल्यापैकी नव्हे" असं लिहून बंद होई. त्याला कारण होतं. एकदा एका वेगवान मशीनवर वहिनींचा आवाज चिरकला होता आणि नंदा घाबरून रडली होती. "अनोळखी मशीनच्या तोंडी तिच्या आईचा आवाज द्यायचा नाही," अण्णा म्हणायचे.

काही वर्षांनी तो जुना संगणक कायमचा बंद पडला. तसा मदरबोर्ड अख्ख्या हुबळीत मिळेना. मूळ प्रोग्रॅमच्या फ्लॉप्यांना बुरशी लागलेली. हाती उरली ती फक्त जुन्या डिस्कवरची चालती प्रत; तिच्या आत काही बदलता येत नव्हतं. केशवापुरात माझं दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून अण्णांनी मला बोलावलं. मी ऐटीत म्हणालो, "अण्णा, आता नव्या संगणकाच्या पोटात जुन्याचं सोंग उभं करता येतं. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. संध्याकाळपर्यंत वहिनी बोलतील बघा."

सोंग उभं राहिलं. पण प्रोसेसरचं नाव विचारलं, की ते आतलं खरं, नवं नाव सांगून मोकळं होई. "हा आपल्यापैकी नव्हे." मी सेटिंगमध्ये जुनं नाव लिहिलं, तर कंपनी जुळेना. कंपनी लिहिली, तर मॉडेल जुळेना.

"गाव, आडनाव, आजोळ," अण्णा कसनुसं हसले. "माझंच लिहिलेलं ते. सुखासुखी कसं सोडील?"

अखेर तेही जुळलं आणि प्रोग्रॅम उघडला. नंदाचा चेहरा असा फुलला, की मला तिच्याकडे बघवेना. तिनं बटण दाबलं. एक चिर्र आवाज आला आणि संपलं. मी वेग कमी केला, तर म्हैस हंबरावी तसं काहीतरी. कधी किडा, कधी म्हैस. वहिनी कुठंच नाहीत. नंदानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग हात मांडीवर घेतला.

"बिडप्पा, सोड आता," अण्णा म्हणाले. "खोटं नाव सांगून आत आलंय ते. बंद कर."

मी बंद केलं. आयुष्यभर मशीनं दुरुस्त केली. पण त्या दिवशी त्या खोलीत माझ्यासारखा निरुपयोगी माणूस दुसरा नव्हता.

पुढच्या आठवड्यात जाऊन मी नंदाच्या हाताशी घंटी बसवून दिली. तिनं तिला बोटही लावलं नाही. हाक मारणंच तिनं सोडून दिलं. तिला काय हवं ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे, म्हणून अण्णांनी स्वयंपाकाला बाई लावली आणि स्वतः तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. ते शेवटपर्यंत तसेच बसून होते.

मी जात राहिलो. फाटक वाजलं, की आतून अण्णांचा आवाज यायचा, "कोण असाल ते या बाबा. कडी काढलेलीच आहे."