मी बुजवलेला भूकंप

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे पाणी पडल्यावर सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा कुणी हे वाचलंच तर ऱ्हस्व-दीर्घ पोटात घालावं. पण एक गोष्ट ठाम लिहिते. इथं कानडी मुलखात, इंदिरानगरात मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला जायची, त्या साहेबांइतकं जमिनीवर बारीक लक्ष ठेवणारा माणूस पृथ्वीवर दुसरा नसेल. लोक शेजाऱ्यांवर नजर ठेवतात, हे जमिनीवर ठेवायचे. कुठं भूकंप झाला की तिथली जमीन किती उचलली, किती खचली, ते इथं खुर्चीत बसून सांगायचे. वरून जाणारा उपग्रह रडारनं जमिनीचं चित्र घेतो, एक भूकंपाआधीचं, एक नंतरचं. दोन्हींतला फरक काढणं ही साहेबांची नोकरी. निवृत्त झाले, पण फरक काढायची सवय काही निवृत्त झाली नाही.

जेवणाला त्यांनी कधी 'छान' म्हटलं नाही. "अक्का, आजची आमटी कालच्यापेक्षा स्वल्प तिखट," एवढंच. कालची बरी होती का, असं एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "ते सांगता येणार नाही. मला फक्त फरक कळतो." कपाटाच्या पायांभोवती पेन्सिलीच्या खुणा होत्या. केर काढताना कपाट जरा सरकलं की संध्याकाळी माझी चौकशी. पोळ्यांची चवड पुढं ठेवली की खालची पोळी बोटानं ढकलायची आणि वरची कशी फुगते ते बघत बसायचं. "वरचा फुगवटा बघून आत किती घसरलं ते ओळखायचं, अक्का. याच कामावर आयुष्यभर पोट भरलं." इकडं पोळ्या गार. त्यांच्या रडारला ढगांतून, अंधारातूनही दिसतं असं ऐकल्यापासून मी गच्चीवर वाळवण घालताना पदर डोक्यावरून घ्यायची. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "त्याला माणसं दिसत नाहीत हो. जमीन सरकली तरच दिसते." तरी मी पदर घेतच राहिले.

बाईसाहेब गेल्यापासून साहेब एकटेच होते. दर रविवारी मुलाचा पुण्याहून फोन यायचा. "बाबा, घर विका आणि इकडं या." साहेबांचं उत्तर ठरलेलं. "अरे, काहीही मोजायला एक न हलणारी जागा धरावी लागते. तीच हलवली तर मोजू कुठून?" हे ऐकलं की स्वयंपाकघरात माझा जीव भांड्यात पडायचा. ते जाऊ नयेत असं मला फार वाटे. पण कुणाच्या घरच्या गोष्टीत बोलायचं म्हणजे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

त्यांच्या भिंतीवर एक रंगीत चित्र होतं. वलयात वलय, मोराच्या पिसासारखं. एका दिवाळीला मी तेच बघून उंबऱ्यापुढं रांगोळी काढली. चित्रात मधोमध एक तिरकी रेघ होती आणि तिथं सगळी वलयं तुटलेली. छापताना शाई संपली असणार असं समजून मी ती सगळी नीट जोडून टाकली. साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि मटकन गुडघ्यांवर बसले.

"अक्का, इथली रेघ कुठं गेली?"

"तुटलं होतं, मी सांधलं."

"अहो, इथं जमीन फाटली होती!" आणि असे हसले की चहा सगळा लक्ष्मीच्या पावलांवर सांडला. लगेच पुण्याला फोन. "ऐक, भिंतीवरच्या ज्या भूकंपाचं चित्र काढताना माझे डोळे शिणले, तो अक्कांनी चिमटीभर रांगोळीत बुजवला!" शेजारची बाई मला हळूच कानडीत म्हणाली, "निम्म सर स्वल्प हुच्चु." तुमचे साहेब थोडे वेडे आहेत म्हणे. मी म्हटलं, "सरी, बरं, असू देत." वेडे होते, पण माझ्या वाट्याचे होते.

गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले. गुडघा गेला, जिना चढवेना. मुलगा आला आणि या खेपेला साहेबांनी न हलणाऱ्या जागेचं नाव काढलं नाही. सामान बांधताना मुलगा कपाटापाशी घुटमळला. "बाबा, हलवू?" साहेबांनी पेन्सिलीच्या खुणांकडे पाहिलं. "हलव," म्हणाले.

निघायच्या सकाळी मी पुन्हा तीच रांगोळी काढली. यावेळी रेघ सोडली, वलयं चित्रातल्यासारखी तुटकीच ठेवली. साहेब काठी टेकत बाहेर आले, मुलाच्या खांद्याला धरून वाकले, चिमटीत रांगोळी घेतली आणि मधलं एक वलय जोडलं.

"आता चुकलं की, साहेब."

"चुकू दे. एवढं एक असू दे."

परवा फोन आला. तब्येत कशी, पाय कसा, काही सांगितलं नाही. म्हणाले, "अक्का, इथली आमटी तुमच्यापेक्षा फार गोड."

म्हणजे मोजणं अजून इथूनच चालू आहे.